एकशे चार नंबरचा फोन

आमच्या मालवण किनाऱ्यावर पाऊस लागला की दोन गोष्टी आधी जातात. एक लाईट आणि दुसरी मोबाईलची रेंज. मग माणसं छत्री घेऊन सड्यावर चढतात. सडा म्हणजे गावाच्या वरचं कातळाचं पठार. ‘सड्यार गेल्याशिवाय रेंज गावणा नाय’ हे वाक्य आमच्याकडे कुणाच्याही तोंडी ऐकायला मिळेल. त्यामुळे ‘डिजिटल आरोग्यसेवा’ असे शब्द भाषणांतून कानावर पडले की माझ्या डोळ्यांपुढे आधी तो सडा येतो. मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयाशी माझं जुनं देणं आहे, म्हणून बोलतो.

साल १९८८. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणायचो, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा झाला आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढून माझ्या हातात दिलं आणि लांबच्या शहरातल्या रक्तपेढीची चिठ्ठी दिली. मी अठरा वर्षांचा. नळी शर्टाच्या खिशात, वरून हात दाबलेला. आधी एस.टी., मग मिळेल तो ट्रक. तिथं पोहोचल्यावर कळलं की रक्त जुळवून बघायलाही वेळ लागतो. बाटली घेऊन परतलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. डॉक्टरांना दोष द्यावा असं काही नव्हतं. त्यांच्याकडे रक्त नव्हतं, ते ठेवायची सोयही नव्हती.

का नव्हती, हे मला फार नंतर समजलं. रक्त म्हणजे कपाटात ठेवायचं औषध नव्हे. त्यातल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ठेवाव्या लागतात आणि तशा ठेवल्या तरी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट तर फक्त पाच दिवस, त्याही थंडीत नव्हे, साध्या खोलीच्या तापमानात आणि सतत हलवत. शिवाय रुग्णाचा नमुना पेढीतल्या रक्ताशी जुळवल्याशिवाय पिशवी देता येत नाही. प्रत्येक छोट्या दवाखान्यानं हे सगळं सांभाळायचं म्हटलं तर निम्मं रक्त फुकट जाईल. म्हणून रक्त एका ठिकाणी आणि बाई दुसऱ्या ठिकाणी, हे राहणारच. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. प्रश्न एवढाच उरतो, की त्या दोन तासांत मधला रस्ता कोण तोडणार?

याचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात करून पाहिलं गेलं, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. ‘जीवन अमृत सेवा’ हे त्याचं नाव. सिंधुदुर्ग आणि सातारा या दोन जिल्ह्यांत आधी प्रयोग झाला आणि ७ जानेवारी २०१४ पासून ती योजना राज्यभर लागू झाली. दवाखान्यानं १०४ नंबर फिरवायचा. रक्तपेढीचा माणूस थंड पेटीत पिशवी ठेवून मोटारसायकलवरून निघायचा. मर्यादा ४० किलोमीटरची, किंवा तासाभराच्या वाटेची. नातेवाइकानं नळी खिशात घालून धावायचं नाही. हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशानं ड्रोनमधून दवाखान्यांवर रक्त पोचवायला सुरुवात केली. डोंगराळ देश, पावसात खचणारे रस्ते. जगभर त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मला सारखं वाटायचं, अरे, आमची मोटारसायकल त्याच्या आधीची! तिचं चित्र कुणी छापलं नाही इतकंच. आणि आमची ती मोटारसायकल २०२२ मध्ये थांबली. योजना बंद झाली. १०४ नंबर आरोग्याच्या सल्ल्यासाठी आहे, पण त्यावर फोन केला म्हणून पिशवी घेऊन कुणी निघत नाही.

निराशेचा सूर लावायचा नाही. महाराष्ट्रात २००४-०६ च्या सुमाराला लाखभर जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० च्या पाहणीत तो आकडा ३३ वर आला. केवढी मोठी गोष्ट! पण ती मोबाईलच्या ॲपनं झाली असं मला वाटत नाही. बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, आशाताई दारात येऊ लागल्या, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. फोन हा त्यातला एक दुवा. त्याच्या दुसऱ्या टोकाला गाडी होती, गाडीत डॉक्टर होता, म्हणून तो उपयोगी पडला.

दूर बसलेल्या डॉक्टरांचंही तसंच. इस्रोच्या उपग्रहामार्फत मुंबईचं केईएम रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी जोडलं गेलं, त्यात आमचं ओरोसही होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ आली. गावच्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी पडद्यावर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलतात आणि रुग्ण शेजारी बसलेला असतो. २०२४ अखेरपर्यंत देशभरात असे ३० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. रक्तदाबाच्या गोळीसाठी म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस आणि रिक्षाचं भाडं वाचतं, हे मी घरातच पाहिलंय.

घरातच पाहिलंय ते आणखी एक. आमची अम्मी पंच्याऐंशीच्या पुढची. आपाचा तो मुलगा तिनंच वाढवला. तो आता कतारला असतो. सरकारनं २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू केलं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळतो, आपले रिपोर्ट त्याला जोडायचे. कल्पना चांगली आहे. आशाताई दारात आल्या, अम्मीचा आधार क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, ‘अम्मी, ओटीपी इलो काय बघा.’ ओटीपी आला होता, पण कतारला. आधारकार्ड करताना भाच्यानं स्वतःचा नंबर दिला होता. तो ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. आशाताई दोनदा परत गेल्या. तिसऱ्या खेपेला, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, काम झालं.

तुम्ही म्हणाल, ही एका घरची गोष्ट. पण २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजारांच्या आसपास माणसं होती, २०११ मध्ये ती ८ लाख ५० हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. कमावती माणसं मुंबईला, गोव्याला, आखातात. मागं राहतात ते आईबाप, आणि त्यांचा मोबाईल नंबर बऱ्याचदा मुलाच्या खिशात असतो. ओटीपीची युक्ती योजणाऱ्याला हे घर माहीत नसावं. आधारला घरातलाच नंबर जोडून घ्या, एवढं मात्र मी ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. आधार केंद्रावर ते होतं.

आणि हा सगळा भार शेवटी आशाताईंवर. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको ही त्यांची एक मागणी होती. मला ती आळशीपणाची वाटली नाही. आमच्या आशाताई माहिती आधी वहीत लिहितात, कारण वहीला रेंज लागत नाही. संध्याकाळी सड्यावर जाऊन तीच मोबाईलमध्ये भरतात. एकदा मी विचारलं, दोनदा कशाला? म्हणाल्या, ‘भाऊ, मोबाईलातला वरच्या सायबांसाठी. वही माझी. कोण बाई कधी बाळंत होतली ता माका हयच बघूक गावता.’

वहीत एका नावापुढं लाल पेन्सिलनं खूण होती. अंगात रक्त कमी, महिना नववा. त्या घरच्या दोघा तरण्यांचे रक्तगट आणि जीपवाल्याचा नंबर त्यांनी खाली लिहून ठेवला होता.