टॅब हाताशी – भाग ७ : बोला, तो लिहून घेईल

शिर्डीत लॉजच्या काउंटरवर बसणारा माणूस दिवसभर मराठी, हिंदी आणि कामापुरती तेलुगूही बोलतो. निरोप लिहायची वेळ आली की मात्र तोच माणूस अडखळतो. जोडाक्षरं शोधत बसायला सवड नसते, म्हणून मराठी निरोप इंग्रजी अक्षरांतून जातो. घरच्या वडीलधाऱ्यांना तो वाचताना किती त्रास होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपली लिपी अशी हातातून सुटावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती परत आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग टॅबच्या कीबोर्डवरच आहे.

ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आणली. तेलुगू, तमिळ, कन्नड आणि गुजरातीलाही ती त्याच वेळी मिळाली. शिर्डीच्या रस्त्यावर रोज कानी पडणाऱ्या या भाषा! अँड्रॉइड टॅबवर गूगलच्या ‘जीबोर्ड’ या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ उघडून मराठी जोडा. मग लिहायच्या जागी बोट टेकवा, कीबोर्ड वर आला की माइकचं चिन्ह दाबा आणि बोला.

आता खरी मेख. नवखा माणूस एकेक शब्द सुटा, थांबून थांबून बोलतो. टॅबला त्यानेच जड जातं. तो तुमच्या आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे बारीक तुकडे पाडतो, त्यावरून अक्षरांचा अंदाज बांधतो आणि मग आजूबाजूचे शब्द बघून कोणता शब्द बसतो ते ठरवतो. नुसतं ‘काकड’ म्हटलंत, तर ‘काकडी’ उमटण्याची भीती. ‘उद्या काकड आरतीनंतर दोन खोल्या रिकाम्या होतील’ असं सलग म्हणा. पुढची ‘आरती’ मागच्या ‘काकड’ला सावरून घेते. म्हणून आधी वाक्य मनात जुळवा आणि नेहमीच्या चालीत एका दमात बोला.

गावांची नावं तेवढी तपासा. पुणे, मुंबई बिनचूक येतात. पुणतांबा, सावळीविहीर, निमगाव कोऱ्हाळे यांवर नजर फिरवाच. यंत्राने ज्या मजकुरावरून भाषा शिकली, त्यात ही नावं क्वचित आलेली असतात. विरामचिन्हं शेवटी हाताने द्यावीत, हे माझं मत.

मंदिर रस्त्याच्या गोंगाटात टॅब तोंडाजवळ, वीतभर अंतरावर धरा. बहुतेक वेळा या कामाला इंटरनेट लागतं. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या दिवसांत गर्दीमुळे नेट रखडलं, तर लांबलचक निरोप बोलू नका. दोन-दोन वाक्यं बोलून उमटलेली पाहा, मग पुढे जा.

आधार क्रमांक, पिन, ओटीपी मात्र हातानेच टाका. काउंटरसमोर उभी असलेली माणसंही ऐकत असतात.