खरे कोणते, स्वप्न कोणते?

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे मित्र ‘लूसिया’ हा कन्नड चित्रपट पाहावयास बसलो. माझी मातृभाषा मराठी. भालकी तालुक्यात वाढल्यामुळे कन्नड कानावरची आहे. पण बंगळूरची मंडळी भरभर बोलू लागली की माझी धांदल उडते. म्हणून शेजारी बसलेला कन्नड मित्र मला अधूनमधून अर्थ सांगत होता. मध्यंतरानंतर मात्र तोच मला विचारू लागला, “अरे, हे खरं चाललंय की स्वप्नात?” तेव्हा ध्यानात आले की अडचण भाषेची नव्हतीच. चित्रपट संपल्यावर आमचा वाद रात्री दोनपर्यंत चालला. त्या वादातून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘लूसिया’ पवन कुमार यांनी 2013 साली प्रेक्षकांकडूनच पैसे जमवून काढला. चित्रपटगृहाच्या अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत पोचविणारा निक्की हा त्याचा नायक. त्याला झोप येत नाही. मग त्याला अशा गोळ्या मिळतात की त्या घेतल्या म्हणजे हवे तसे स्वप्न पडते, आणि दुसऱ्या रात्री ते तिथूनच पुढे सुरू होते. स्वप्नात तो नामांकित नट आहे. एक आयुष्य रंगीत, दुसरे कृष्णधवल. तिसरीकडे रुग्णालयात एक माणूस बेशुद्ध पडला आहे आणि त्याच्याबाबत चौकशी चालू आहे. रंगीत ते खरे व कृष्णधवल ते स्वप्न, असे आपण पहिल्या दहा मिनिटांतच ठरवून टाकतो. शेवट सांगून मी रसभंग करीत नाही. पण असे ठरवायला दिग्दर्शकाने आपल्याला सांगितले होते काय, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

अशा चित्रपटांची सारी किमया या सवयीत आहे. कॅमेरा जे दाखवील ते घडलेच, असा आपला भाबडा विश्वास असतो. पूर्वीच्या चित्रपटांत स्वप्न सुरू होताना पडदा धूसर होई, धूर पसरे, संगीत बदले. ही प्रेक्षकाला दिलेली खूण होती. ती खूण काढून घेतली की जागेपण आणि स्वप्न यांतला उंबरठाच नाहीसा होतो. 1920 साली जर्मनीत निघालेल्या ‘डॉक्टर कॅलिगारी’च्या मूकपटात वाकड्या भिंती व तिरप्या खिडक्या रंगवून एका भयंकर डॉक्टराची कथा सांगितली आहे. शेवटी कळते की कथा सांगणारा तरुण स्वतःच वेड्यांच्या इस्पितळात आहे. मग त्या भिंती वाकड्या का होत्या, याचाही उलगडा होतो. 1950 सालच्या कुरोसावांच्या ‘राशोमान’मध्ये एकाच खुनाच्या चार हकिकती आहेत आणि प्रत्येक हकिकत पडद्यावर तितकीच खरी दिसते. तेव्हा असे चित्रपट पाहताना ‘पुढे काय झाले?’ यापेक्षा ‘हे कोणाच्या डोळ्यांनी दिसते आहे?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

कोणी म्हणेल, ही परदेशातून आलेली थेरे आहेत. मला तसे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातील बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांचा मेळा जमला होता. त्यांतल्या अल्लमप्रभूंची ‘बेडगिन वचने’ आमचे कन्नडचे विद्यार्थी आजही डोके खाजवीत वाचतात. मराठीच्या वर्गात आम्ही नाथांच्या भारुडांशी झटतो. दोन्हीकडे वरवर विसंगत बोलणे, आणि आत अर्थ. ऐकणाऱ्याला आधी गोंधळात टाकायचे व मग जागे करायचे, ही रीत आपल्या मातीला नवी नाही. चांगला चित्रपट ओळखण्याची कसोटीही यातच सापडते. कोडे सुटल्यावर हातात काही उरते काय? नुसतीच चलाखी असेल तर उत्तर कळताच रस संपतो. ‘लूसिया’चे उत्तर कळल्यावरही त्या माणसाचे एकटेपण मनातून जात नाही.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्या आजोळी नात्यातले एक मामा आहेत. मी लहान असताना ते दुपारी ओसरीवर बसून कोणाशी तरी बोलत. समोर कोणी नसे. आम्ही पोरे खांबाआडून हसत असू. एकदा त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारले, “तुलाबी ऐकू यालंय का रे?” मी “हो” म्हणालो आणि मित्रांना सांगायला पळालो. त्या एका ‘हो’ने त्यांच्या मनात काय उलथापालथ केली असेल, हे मला तेव्हा कळले नाही. चित्रपटगृहात शेवटी दिवे लागतात व आपण घरी जातो. मामांसाठी दिवे लावणारे कोणी नव्हते.

पुट्टण्णा कणगाल यांच्या 1971 सालच्या ‘शरपंजर’मधली कावेरी बरी होऊन घरी येते, पण लोक तिला वेडीच समजत राहतात, आणि शेवटी ती पुन्हा ढासळते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 2004 सालच्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णींनी छिन्नमनस्कतेने पछाडलेला शेष उभा केला आहे. त्याचे आतले जग व बाहेरचे जग एकमेकांत मिसळते, तेव्हा प्रेक्षक गोंधळतो, पण हसत नाही. कारण तेवढा वेळ आपणही शेषच्या बाजूने पाहत असतो. चकविणाऱ्या चित्रपटांचा मोठा उपयोग मला हाच वाटतो. ज्याचे जागेपण व भास यांतले कुंपण मोडले आहे, त्याच्या जागी ते आपल्याला दोन तास बसवितात.

मामा आता डॉक्टरांचे औषध घेतात. पुष्कळ सावरले आहेत, तरी कधी कधी तो आवाज येतो. गेल्या दिवाळीला त्यांनी मला तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, “मला नाही ऐकू येत, मामा. पण तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा.” ते बराच वेळ सांगत होते, आणि मी ओसरीवर बसून ऐकत होतो.