जुने पुस्तक स्कॅनिंगसाठी सोडवताना

बाइंडिंगच्या कामात असलेल्या आपल्या कारागीर बंधूंकडे आता नव्या प्रकारचे गिऱ्हाईक येते. त्याला पुस्तक बांधून नको, स्कॅनिंगसाठी सोडवून हवे असते. ज्याला बांधता येते त्यालाच ते नीट सोडवता येते. मात्र कापलेले पान पूर्ववत होत नाही, हे आधी ध्यानात ठेवावे.

प्रथम पाने मोजावीत. घडीचे नकाशे, सुटी चित्रे, गहाळ पाने यांची नोंद करून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. हस्तलिखित किंवा दुर्मिळ प्रत असेल तर ती न सोडवता कॅमेऱ्याने वरून फोटो काढण्याचा सल्ला द्यावा.

पुठ्ठा व पहिले पान यांच्या सांध्यावर धारदार सुरी चालवली की पुठ्ठा वेगळा होतो. पुढे दोन रस्ते आहेत. एक, कटिंग मशीनवर कण्याकडची बाजू कापणे. काम झटपट होते, सुटी पाने मशीनमधून भराभर जातात. पण पुन्हा जुजबंदी शिलाई करता येत नाही. जुन्या लिथो छपाईच्या उर्दू-फारसी पुस्तकांत हाशियावरही मजकूर असतो, तो कापला जाण्याची भीती असते.

दुसरा रस्ता वेळखाऊ, पण सुरक्षित. कण्यावर घट्ट खळ लावून थोडा वेळ ठेवावी. जुना सरस मऊ झाला की हलके खरवडावा; पाने भिजू देऊ नयेत. मग प्रत्येक फर्मा मधोमध उघडून दोरा कापावा. दुमडलेले कागद अखंड राहतात आणि पुस्तक पुन्हा शिवता येते. १६ पानी फर्म्यात १ व १६, तसेच २ व १५ ही पाने शेजारी येतात. त्यामुळे स्कॅनिंगनंतर क्रम लावावा लागतो. उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होते, हेही स्कॅनिंगवाल्याला सांगावे.

पिवळा पडून तुकडे होणारा कागद मशीनमध्ये घालू नये, सपाट काचेवरच ठेवावा. साध्या मजकुरास ३०० डीपीआय पुरते. बारीक अक्षरास ४०० घ्यावे.

आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. तेव्हा स्कॅन प्रती विकण्याचे काम कोणी आणले तर परवानगी विचारावी.

सोडवणे, स्कॅनिंग व पुन्हा बांधणी यांचे दर वेगवेगळे सांगावेत. स्वस्त पडते म्हणून गिऱ्हाईक कापायला सांगेल. त्याचा परिणाम आधी समजावून देणे हे कारागिराचेच काम आहे.