तीन सर्व्हर असतानाही अपग्रेड एकेकच का?

कुबरनेटिस शेकडो मशीन सांभाळतं. कुठे काय चालू आहे याची नोंदवही असते एटसीडीत. वही हरवली तर सगळंच अडेल, म्हणून ती सहसा तीन सर्व्हरवर ठेवतात.

दोन का नाहीत? एटसीडी राफ्ट पद्धतीवर चालतं (ओंगारो आणि आउस्टरहाउट, २०१४). त्यात नोंद पक्की व्हायला बहुमत लागतं. दोघांचं बहुमत दोनच, म्हणजे एक पडला की काम ठप्प. तिघांचंही बहुमत दोनच, त्यामुळे एक पडला तरी चालतं. चार केले तर बहुमत तीन, म्हणजे सूट पुन्हा एकाचीच!

आता अपग्रेड. एक सर्व्हर थांबवायचा, नवी आवृत्ती टाकायची, तो परत येऊन मागच्या नोंदी भरून काढेपर्यंत थांबायचं, मगच पुढचा. या वेळात ती एकाची सूट आपणच वापरलेली असते. दुसरा पडला की बहुमत गेलं. म्हणून तिघांपैकी एक आधीच आजारी असेल तर आधी तो बरा करायचा, मगच अपग्रेडला हात लावायचा.

आणि स्नॅपशॉट? तो हवाच. चुकून पुसलेली नोंद तिन्हीकडून पुसली जाते; तिथे बहुमत कामाला येत नाही.