हातोडा उचलला आणि थिएटर उठलं

शुक्रवार, २६ एप्रिल २०१९. ठाण्यातलं एक मल्टिप्लेक्स, सकाळचा पहिला खेळ. माझ्या डाव्या हाताला तेरा वर्षांचा भाचा, उजव्या हाताला आई. भाच्याने आम्ही पाहायला आलो होतो त्या सुपरहिरो-मालिकेतले आधीचे एकवीसच्या एकवीस सिनेमे पाहिलेले, त्यातले काही तर तोंडपाठ. आईने एकही पाहिलेला नाही. नातवाने गळ घातली म्हणून ती आली होती.

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ दोन तासांच्या पुढे सरकला होता. पडद्यावर खलनायक थॅनॉसने नायक थॉरला दाबून धरलं होतं आणि त्याचीच कुऱ्हाड त्याच्या छातीत रुतवत आणली होती. इतक्यात मागे मातीत पडलेला थॉरचा जुना हातोडा हळूच जमिनीवरून वर आला. थॉरचे तर दोन्ही हात अडकलेले. मग हातोड्याला बोलावतंय कोण? हातोडा सूं करत आला, थॅनॉसला आडवा करून मागे वळला आणि एका हातात जाऊन बसला. तो हात थॉरच्या जोडीदाराचा, कॅप्टन अमेरिकाचा होता.

त्यानंतर थिएटरात जे झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी क्षणभर काहीच नाही. पॉपकॉर्नचा पुडा चुरगळल्याचासुद्धा आवाज नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि पाठोपाठ छप्पर खाली यावं तसा गलका झाला. शिट्ट्या, टाळ्या, माणसं उठल्यावर आपोआप मिटणाऱ्या खुर्च्यांचे खटके. पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. भाचा खुर्चीवर उभा होता, त्याचा आवाज फाटला होता. त्याला खाली ओढायला मी त्याचा हात धरला, तर मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी माझ्या तळव्याला फणसाच्या सालीसारखी लागली.

त्या आठवड्यात हे जगभर घडत होतं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी अंधारात फोनवर टिपलेले त्या क्षणाचे आवाज पुढे लाखो लोकांनी ऐकले. शहर कुठलंही असो, आरोळी तीच आणि तिची जागाही तीच.

आपल्याकडे शिट्टी मारणाऱ्याला ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणून बाजूला काढायची सवय आहे. जाणकार तो, जो गप्प बसून पाहतो. मला हे कधीच पटलं नाही. त्या दोन-तीन सेकंदांत माणसाच्या शरीरात जे चालतं ते इतकं गुंतागुंतीचं आणि इतकं सुंदर आहे, की त्याला नाक मुरडणं म्हणजे आपल्याच शरीराला नाक मुरडणं.

या आरोळीचं मूळ शोधायला आठ वर्षं मागे जावं लागतं. २०११ सालच्या ‘थॉर’मध्ये नियम घालून दिला होता: हा हातोडा जो लायक असेल त्यालाच उचलता येईल. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये एका पार्टीत एकामागून एक नायक गंमत म्हणून तो उचलून बघतात. कुणालाच जमत नाही. कॅप्टन अमेरिका जोर लावतो तेव्हा मात्र हातोडा तसूभर हलतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळतं. बस, एवढंच. प्रसंग हसण्यावारी जातो, कथा पुढे सरकते. पाहणाऱ्या पोरांच्या डोक्यात ती तसूभर हालचाल चार वर्षं तशीच राहिली.

वाट पाहण्याचं मेंदूत नेमकं काय होतं, याचा एक सुरेख प्रयोग कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात झाला. व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या संगीताने अंगावर हमखास काटा येतो ते संगीत लोकांनी स्वतःच निवडून आणायचं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं घ्यायची. काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या पोटातल्या न्यूक्लिअस अकम्बन्स या भागात डोपामिन सुटत होतं, हे अपेक्षितच होतं. गंमत त्याच्या काही सेकंद आधीची. ‘आता ती जागा येणार’ असं वाटू लागताच शेजारच्या कॉडेट या दुसऱ्याच भागात डोपामिन सुटायला लागलेलं असे. म्हणजे सुखाचे दोन हप्ते, एक वाट पाहण्याचा आणि एक मिळाल्याचा.

ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. तान कितीही दूर गेली तरी श्रोता मनात मात्रा मोजत असतो आणि गवई समेवर आला की सगळ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. सम ठाऊक नसेल त्याला तान गोड लागेल, पण त्याची मान त्या जागी हलणार नाही. मॉन्ट्रियलचा प्रयोग संगीतावरचा आहे, त्याचा धागा सिनेमापर्यंत मी ओढते आहे. पण मला तरी तो हातोडा म्हणजे चार वर्षं लांबवलेली सम वाटते.

आता त्या शांततेविषयी. आरोळीच्या आधीचा तो रिकामा क्षण हवेत मोजता येतो, हे वाचलं तेव्हा मला खरं वाटेना. जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेचे जोनाथन विल्यम्स वातावरणातल्या वायूंचा अभ्यास करतात. माणसांच्या श्वासातून हवेत काय मिसळतं हे पाहायला त्यांच्या गटाने आधी फुटबॉलच्या मैदानातली हवा तपासली, मग मोर्चा थिएटरकडे वळवला. थिएटरातली हवा बाहेर नेणाऱ्या नळीला यंत्र जोडलं आणि दर तीस सेकंदांनी त्या हवेत काय काय आहे याची नोंद घेतली. सोळा सिनेमे, १०८ खेळ, सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षक. यंत्राला पडदा दिसत नव्हता, तरी कुठला सिनेमा चालू आहे याचा माग हवेतून लागत होता. ‘द हंगर गेम्स: कॅचिंग फायर’मध्ये नायिकेच्या पोशाखाला आग लागते तिथे आणि शेवटच्या झुंजीपाशी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन उसळी घेई. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर, त्याच त्याच जागी.

आयसोप्रीन म्हणजे रबराच्या चिकात ज्याची साखळी असते तो पदार्थ. आपल्या शरीरातही तो तयार होतो, स्नायूंमध्ये साठतो आणि स्नायू आवळले की रक्तात येऊन श्वासावाटे बाहेर पडतो. श्वास रोखणं, मुठी वळणं, खुर्चीच्या कडेवर सरकणं, हे शेकडो माणसांनी एकाच वेळी केलं की त्याचा रासायनिक ठसा थिएटरच्या हवेत उमटतो. तो रिकामा क्षण रिकामा नव्हताच. सगळं थिएटर दम धरून बसलं होतं.

आणि भाच्याच्या हातावरचा काटा? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. अनुकंपी चेतासंस्थेचा इशारा मिळाला की तो आखडतो, केस उभा राहतो आणि कातडीवर टेंगूळ येतं. थंडीत फर फुलवून ऊब धरायची, शत्रू समोर आला की अंग फुगवून मोठं दिसायचं, ही केसाळ पूर्वजांकडून आलेली सोय. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात भावना आणि केस उभे राहणं यांचा संबंध तपशिलात मांडला आहे. आपल्या अंगावरची लव विरळ झाली, स्नायू मात्र राहिले आणि आता ते थंडीइतकेच हातोड्यालाही प्रतिसाद देतात.

आपल्याकडे या गोष्टीची दखल कितीतरी आधी घेतली गेली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांमध्ये रोमांच आहे, तो स्तंभ, स्वेद आणि अश्रूंच्या पंगतीला. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो सिद्धीचा अध्याय. प्रयोग साधला हे ओळखायचं कसं, तर प्रेक्षकांकडे पाहून, असं तिथे सांगितलं आहे. प्रेक्षक हसतात, ‘साधु’ म्हणतात, ‘अहो’ म्हणतात, मोठ्याने गलका करतात, त्यांच्या अंगावर रोमांच येतात, ते जागेवरून उठतात, अंगावरचं वस्त्र देऊन टाकतात. यादी वाचताना मला ठाण्यातलं ते थिएटरच दिसतं. त्याच अध्यायात दुसरी, दैवी सिद्धीही आहे: रंगमंडप भरलेला आहे आणि कुठेही आवाज नाही, चुळबुळ नाही. हातोडा हातात बसायच्या आधी जे होतं, ते तेच.

मेंदूवैज्ञानिकांनी प्रेक्षकाकडे पाहायला बराच उशीर केला. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी हॅसन यांनी २००४ मध्ये पाच जणांना एकेकटं स्कॅनरमध्ये झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा अर्धा तास दाखवला. एकमेकांशी काही संबंध नसतानाही त्यांच्या मेंदूच्या बाह्यकाचा जवळजवळ तीस टक्के भाग एकाच तालात वर-खाली होत होता. पुढच्या कामात त्यांच्या गटाने वेगवेगळी दृश्यं पडताळली. हिचकॉकच्या मालिकेतला एक भाग दाखवला तेव्हा हा आकडा ६५ टक्क्यांपर्यंत गेला. न्यूयॉर्कच्या एका बागेतलं कुठलीही जुळणी न केलेलं चित्रण दाखवलं तेव्हा पाच टक्क्यांच्याही खाली उतरला. नुसती हलती चित्रं माणसांना एका तालात आणत नाहीत. कुठे पाहायचं आणि कशाची वाट पाहायची हे दिग्दर्शकाने ठरवून द्यावं लागतं.

पण दिग्दर्शकाने कितीही ठरवलं, तरी ओळख कुठून आणणार? स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावात दर जूनमध्ये लोक निखाऱ्यांवरून चालतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. चालणाऱ्याच्या नातलगांचे आणि मित्रांचे ठोके त्याच्या ठोक्यांशी मेळ खात होते, बाहेरून आलेल्या परक्या पाहुण्यांचे नाही. आग तीच, अंतर तेच, गर्दीचा गलकाही सगळ्यांना तोच. फरक फक्त ‘तो आपला आहे’ या जाणिवेचा. ‘फॅन’ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. अकरा वर्षं, एकवीस सिनेमे आणि मोडक्या ढालीचा पट्टा आवळून एकटाच अख्ख्या सैन्यासमोर उभा राहणारा माणूस. भाच्यासाठी तो नातलगच होता.

मग आईचं काय? ती तर परकी पाहुणी. पण तीही टाळ्या वाजवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टाळ्यांचा अभ्यास मांडला. टाळ्या साथीसारख्या पसरतात. आपण टाळी कधी सुरू करणार हे शेजारी काय करतो यापेक्षा, दालनातले एकूण किती हात आधीच वाजत आहेत यावर ठरतं. थिएटर जितकं भरलेलं, तितकी ही लागण जोरात होत असावी. म्हणून तोच सिनेमा दुपारच्या ओस खेळाला पाहिला तर काटा येतो, पण गळा मोकळा होत नाही.

गळा मोकळा करण्यालाही मोल आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकारी यांनी लोकांना एक हेलावून टाकणारा चित्रपट एकत्र दाखवला. आधी आणि नंतर त्यांना भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून बसायला लावलं. शाळेत शिक्षा म्हणून ‘खुर्ची’ करायला लावत, अगदी तसं. चित्रपटाने ज्यांना हलवलं ते नंतर जास्त वेळ टिकले आणि बरोबर बसलेल्या अनोळखी माणसांबद्दल त्यांना जास्त आपलेपणा वाटू लागला. एकत्र हसल्यावरही वेदना सोसण्याची ताकद वाढते, हे याच गटाने आधी दाखवलं होतं. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामकं यामागे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष.

२०२० मध्ये थिएटरं बंद पडली तेव्हा भाचा रात्री हेडफोन लावून काहीतरी ऐकत पडायचा. एकदा मी एक कान मागून घेतला. सिनेमा नव्हता तो. कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या प्रेक्षकांचा नुसता आरडाओरडा होता, हातोड्याच्या जागचा. महाराष्ट्रात थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा उघडली. डिसेंबरात ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ आला आणि जुने दोन स्पायडर-मॅन पडद्यावर अवतरले. तेव्हा एकाआड एक रिकाम्या खुर्च्यांमधून पोरांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून माझे डोळे भरून आले. सिनेमाशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

पण मला सांगायची आहे ती त्या एप्रिलमधली परतीची रिक्षा. तीन हात नाक्याच्या सिग्नलला आई म्हणाली, “तो हातोडा त्याचा नव्हता ना रे?” तिला एवढं कळलं होतं. भाच्याने “आजी, थांब, पहिल्यापासून सांगतो” म्हणून सुरुवात केली. लायक कोण, नियम काय, पार्टीत कोणी कोणी उचलायचा प्रयत्न केला. आणि कॅप्टनने जोर लावला तेव्हा हातोडा किती हलला ते त्याने अंगठा आणि बोट जवळजवळ चिकटवून तिला दाखवलं. दाखवता दाखवता तो थांबला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट चोळायला लागला. आईने त्याचा हात ओढून डोळ्यांजवळ नेला, त्यावर उभी राहिलेली लव पाहिली आणि म्हणाली, “मग? पुढे?”