नाक्यापलीकडची मोगलाई

वाशिमहून हिंगोलीच्या वाटेला लागले, की कनेरगाव नाका लागतो. आता ती दोन जिल्ह्यांची वेस. ‘नाका’ हा शब्द मात्र गावाच्या नावाला चिकटून राहिला आहे. १९४८ पर्यंत अलीकडे वऱ्हाड होते आणि पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच! १९०२ साली इंग्रजांनी ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले होते. त्यामुळे १९४७ च्या ऑगस्टात स्वातंत्र्य आले, ते या वेशीपर्यंतच.

पलीकडे रझाकारांचा धुमाकूळ होता. ‘रझाकार’ म्हणजे स्वयंसेवक. किती सोज्ज्वळ शब्द! कासीम रझवीच्या या स्वयंसेवकांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. सरकारने त्यांना आवरले नाही. स्टेट काँग्रेसवर मात्र १९३८ साली, ती स्थापन होण्याआधीच, बंदी आली होती. तिरंगा लावणारा गुन्हेगार आणि घर जाळणारा राजनिष्ठ! हा नुसता हिंदू-मुसलमानांचा तंटाही नव्हता. भारतात सामील व्हा, असे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला.

१३ सप्टेंबरला भारतीय सेना संस्थानात शिरली. १७ तारखेला निजाम शरण आला. सोबत रणगाडे होते, तरी नाव पडले ‘पोलीस कारवाई’. निजाम सरकारची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात गेलीच होती. पोलीस म्हटले, की प्रश्न घरचा ठरतो.

मराठवाडा मुक्त झाला, तो आनंद खराच. पण त्यामागून कित्येक निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतली माणसेही सामील होती, असे तिने नोंदविले. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येऊ लागला.

१९९६ साली भारतानेच राष्ट्रसंघापुढे दहशतवादविरोधी कराराचा मसुदा ठेवला. तो व्याख्येवर अडून बसला आहे: मुक्तिलढा त्यात येतो का? सरकारी फौजेचे कृत्य येते का? ज्याच्या हाती सत्ता, त्याला ही उत्तरे सोयीची हवी असतात.

वाचकहो, मुलांना मराठवाडा-मुक्तीची गोष्ट जरूर सांगा. पण रझाकारांची सांगाल, तेव्हा शोएबुल्लांचीही सांगा आणि सुंदरलालांचीही. जळालेल्या घराच्या धन्याला, काडी लावणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता की नव्हता, याने काय फरक पडतो?