टर्नबकल कुठे, कुठे नाही

चिंचवडमध्ये टर्नबकल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेड उभारणारे फॅब्रिकेटर तो कायम वापरतात. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे; मधली बॉडी फिरवली की दोन्ही टोकं आत ओढली जातात आणि तार ताणते. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी-कापडी विमानांच्या ताराही अशाच ताणल्या जायच्या. मॉडेल करणाऱ्याची पंचाईत एवढीच, की चार इंची टर्नबकल १/३२ प्रमाणात जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा होतो.

तयार मिळतात, पण मी घरीच करतो. साध्या वायरीतला तांब्याचा एक केस सोडवायचा, ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलभोवती वळवायचा आणि दोन्ही टोकं चिमट्यात धरून पीळ द्यायचा. झाला डोळा. तो पंखातल्या भोकात फेविक्विकने बसवायचा. बॉडीसाठी बारीक पितळी नळी. ती कात्रीने कापली की चेपते. काचेवर ठेवून ब्लेडखाली गोल फिरवत कापावी लागते. तुकडा उडाला की फरशीवर बॅटरी मारत बसायचं, आणि घरच्यांना तोवर आत यायची बंदी! मासेमारीचा ०.१ मिलिमीटरचा नायलॉन दोरा नळीतून डोळ्यात, डोळ्यातून परत नळीत, मग फेविक्विकचा थेंब सुईच्या टोकाने. दोरा सैल राहिलाच तर पेटती उदबत्ती जवळ न्यावी, तो आकसतो. उदबत्ती टेकली तर मात्र तुटतो. आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या तारा आळीपाळीने ताणाव्यात, नाहीतर प्लॅस्टिकचा पंखच पिळवटतो.

एवढं जमलं की हात थांबत नाही आणि माणूस दिसेल त्या तारेला टर्नबकल लावत सुटतो. खरी गडबड इथेच होते.

माझ्या टेबलावर सध्या सॉपविथ डॉल्फिन आहे. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान चालवत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले ते परतले नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर. त्यामुळे इथल्या तारांचे कोन नेहमीच्या अंदाजाने काढले तर हमखास चुकतात.

धडाजवळून वरच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा उडताना भार घेतात. उलट्या तिरक्या तारा जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. ब्रिटिश विमानांत या तारा बहुधा गोल दोराच्या नसत. वाऱ्याला अडथळा कमी व्हावा म्हणून त्या चपट्या पोलादी असत, आणि त्यांच्या टोकांवरच आटे पाडून ती काट्यासारख्या जोडात बसवत. म्हणजे तिथे टर्नबकल नाही. बारीक तार व्हाइसमध्ये दाबून चपटी करायची. टर्नबकल शोभतो तो सुकाणूकडे जाणाऱ्या केबलवर.

जर्मनांनी मात्र गोल केबल आणि टर्नबकल सर्रास वापरले. तेव्हा टर्नबकलचीच हौस असेल तर सरळ अल्बाट्रॉस करायला घ्या, आणि ते तारेच्या खालच्या टोकाला लावा. मेकॅनिकचा हात तिथेच पोहोचायचा.